चीक, ताप आणि प्रमिलाबाईंची पिशवी

फैजपूरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत डॉक्टर हसीब यांचा दवाखाना आहे. पाटीवर नाव डॉक्टरांचं, पण निम्मे पेशंट पायरी चढता चढताच विचारतात, "अक्का आहे का?" अक्का म्हणजे प्रमिलाबाई वायकोळे. वय चोपन्न, बांधा आटोपशीर, आवाज मात्र पलीकडच्या टायरच्या दुकानापर्यंत सहज पोचणारा. नर्स म्हणा, कंपाउंडर म्हणा, केसपेपर काढणारी म्हणा, सगळं एकाच बाईत. हसीबच्या वडिलांनी त्यांना कामावर ठेवलं तेव्हा हसीब पाच वर्षांचा होता आणि इंजेक्शनची सुई दिसली की टेबलाखाली लपायचा. ही गोष्ट बाई आजही भरल्या दवाखान्यात सांगतात. गळ्यात स्टेथोस्कोप आला म्हणून त्या पोराची काही सुटका झालेली नाही.

बाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या फैजपूरला ठाऊक. कुणाच्या लग्नात जिलबी कमी पडली, कुणाच्या जावयानं मोटारसायकल मागितली, कुणाचा कुत्रा कुणाला चावला, सगळं त्यांच्याकडे ताजं मिळतं. पण एक आहे हं. पेशंटनं सांगितलेलं अक्षर त्यांनी आजवर दाराबाहेर नेलेलं नाही. एकदा सख्ख्या नणंदेनं खोदून खोदून विचारलं तर म्हणाल्या, "चहा घे नाहीतर घरी जा." नणंद चहा न घेता घरी गेली आणि पुढं दोन दिवाळ्या आली नाही.

तर झालं असं, की एका डिसेंबरात जळगावला खाजगी दवाखान्यांतल्या नर्सबायांचं एक दिवसाचं शिबिर होतं. जेवण बरं असतं म्हणून बाई गेल्या. तिथं धुळ्याहून आलेल्या डॉक्टर तबस्सुम बोलायला उभ्या राहिल्या. त्या एचआयव्हीवर संशोधन करतात, अगदी नुकती लागण झालेली माणसं शोधतात. त्यांनी जे सांगितलं त्यानं बाई जेवणाचं विसरल्या.

लागण झाली की दोन-चार आठवड्यांत पुष्कळांना ताप येतो, घसा धरतो, मानेत नि काखेत गाठी येतात, अंगावर पुरळ उठतं. आठ-दहा दिवसांत सगळं आपोआप ओसरतं. माणूस म्हणतो व्हायरल होतं, गेलं, आणि कामाला लागतो. त्या दिवसांत साधी तपासणी केली तर ती चक्क 'नाही' म्हणते. कारण ती विषाणूला शोधतच नाही. शरीरानं त्याच्याशी झगडायला जे तयार केलं ते शोधते, आणि ते तयार व्हायला वेळ लागतो. आणि रक्तात विषाणू सगळ्यात जास्त असतो तो नेमका त्याच दिवसांत, म्हणून दुसऱ्याला लागायची भीतीही तेव्हाच जास्त. तबस्सुम मॅडम म्हणाल्या, "असा पेशंट दिसला आणि मनात पाल चुकचुकली, तर त्याला विचारून मला फोन करा. आम्ही थेट विषाणूलाच शोधतो. दहा वेळा चुकलात तरी चालेल."

बाईंनी ते मनावर घेतलं. मनावर म्हणजे किती, की पुढच्या सात महिन्यांत नऊ फोन केले. पहिला पेशंट डेंग्यूचा निघाला. दुसऱ्याला गोळीचं वावडं होतं. तिसऱ्यानं केसांना लावायचा कलप बदलला होता. नववा, चांगला चाळिशीचा मास्तर, त्याला गोवर निघाला. हसीबनं हात टेकले. पेशंट नसले की तो केबिनमधून ओरडायचा, "मावशी, आज धुळ्याला फोन नाही का? मॅडम वाट बघत असतील!" बाई वरवर म्हणायच्या, "हास, हास. टेबलाखाली कोण लपायचं ते सांगू का पुन्हा?" पण खरं सांगायचं तर त्या मनातून खट्टू झाल्या होत्या. गोवरानंतर त्यांनी ठरवलं, बस झालं, आता धुळ्याला फोन नाही.

आणि जुलैच्या शेवटच्या सोमवारी योगराज आला.

योगराज बामणोदचा, सत्तावीस वर्षांचा, केळी कापणाऱ्या टोळीतला गडी. आठ दिवस ताप, घसा लाल, अंगावर पुरळ. आता आमच्या केळीच्या पट्ट्यात अंगावर काहीही उठलं की कारण एकच, चीक लागला. घड कापला की दांड्यातून चीक गळतो, कपड्यावर पडला तर डाग मरेपर्यंत जात नाही आणि अंगावर पडला तर खाज सुटते. तान्ह्या पोराच्या गालावर डाग दिसला तरी आज्या म्हणतात, बापाच्या सदऱ्याचा चीक लागला असेल. तसंच इथंही झालं. योगराज म्हणाला चीक, डॉक्टरांनी कागदावर लिहिलं चीक, आणि जन्म केळीत गेलेल्या प्रमिलाबाईही म्हणाल्या, "चीकच आहे. लोशन लाव, तापाची गोळी घे."

योगराज खुशीत होता. त्याची बायको मोनाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी एरंडोलला गेली होती, चार महिने झाले. मुलगी झाली होती. रविवारी तो दोघींना आणायला जाणार होता.

"पोरीले पयल्यांदाच घरी आनतो अक्का," तो म्हणाला. "घरले रंग देला."

"घराला दिलास, आता स्वतःला धू," बाई म्हणाल्या. "चिकानं भरलेला बाप बघून पोर रडायची." दोघंही हसले आणि तो गेला.

बुधवारी संध्याकाळी बाईंचा भाऊ भिकन शेतातून परस्पर त्यांच्याकडं आला. दिवसभर कापणी केलेली. ओट्यावर बसला आणि लागला कराकरा खाजवायला. कोपरापर्यंत हात, उजवा खांदा, मानेची मागची बाजू. घड खांद्यावर घेतला की चीक तिथंच ओघळतो, दुसरीकडं कुठं जाणार?

बाई चहाचा कप घेऊन उभ्याच राहिल्या. योगराजचे हात स्वच्छ होते. खांदाही स्वच्छ होता. पुरळ होतं ते छातीवर आणि पोटावर, सदऱ्याच्या आत. आणि तो पंधरा मिनिटं समोर बसला होता, एकदाही खाजवलं नव्हतं. वर आठ दिवस तापानं पडून होता म्हणजे कापणीला गेलाच नव्हता. मग चीक आला कुठून? बाईंच्या जिवाचं पाणी पाणी झालं. नऊ वेळा भलत्याच माणसाला पकडलं आणि खरा समोर आला तेव्हा लोशन देऊन घरी धाडला! आणि रविवार चार दिवसांवर. घरात येणार कोण, तर ओली बाळंतीण आणि अंगावर पिणारं दोन महिन्यांचं लेकरू.

"कप देतं का नुसता दाखवतं?" भिकन म्हणाला.

सकाळी हसीबला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. त्यानं केसपेपर काढून पुन्हा वाचला आणि म्हणाला, "चीक तर मीच लिहिलंय मावशी. त्याला बोलवायला हवं." पण बोलवायचं कसं? योगराजचा फोन नंबर कागदावर नव्हता. दवाखान्यातून बाई घरी आली, मुलाला बाजूला घेऊन काही बोलली, एवढं जरी शेजाऱ्यांना दिसलं तरी गावात आठ दिवस पुरेल एवढा मसाला. निमित्त पाहिजे. बाईंनी इकडं तिकडं पाहिलं आणि स्वतःची जेवणाच्या डब्याची पिशवी रिकामी केली. निळी, पोपट भरलेली, त्यांनी स्वतः टाके घातलेली.

बामणोदला योगराजची आई लताबाई ओट्यावर गहू निवडत होती. बाई म्हणाल्या, "तुमच्या योगराजची पिशवी दवाखान्यात राहिली होती. इकडं आलेच होते तर म्हटलं देऊन जावं."

लताबाईनं पिशवी उलटीपालटी करून पाहिली. "ही आमची नाही वं माय."

"तुमचीच आहे."

"आमच्या घरी असा पोपटच नाही."

"असेल असेल, सुनेनं आणला असेल," बाई म्हणाल्या आणि पिशवी तिच्या मांडीवर ठेवून मोकळ्या झाल्या. "योगराज कुठंय? गोळी बदलून द्यायचीय डॉक्टरांना."

योगराज मागं केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या तपासत होता. ताप उतरला होता, चेहरा हसरा होता. बाईंनी आडवळण घेतलं नाही. त्यांना ते जमतही नाही. त्यांनी शर्टाची वरची बटणं उघडायला लावून पुरळ पाहिलं, मानेतली गाठ चाचपली आणि म्हणाल्या, "हा चीक नाही. मी चुकले, डॉक्टर चुकले. आता मी एक विचारते. रागाव, पण खोटं बोलू नको. बायको माहेरी असताना दुसरीकडं कुठं गेला होतास?"

तो आधी चिडला. मग पानावरचं पाणी बोटानं पुसत बसला. तीन आठवड्यांपूर्वी केळीच्या ट्रकबरोबर सोबती म्हणून उत्तरेकडं गेला होता. परतीच्या वाटेवर एक रात्र. एकच.

"अक्का, माह्याकडून चुकलं," तो म्हणाला, आणि एवढा दांडगा गडी, हमसाहमशी रडायला लागला.

"चुकलं ते चुकलं. मी तुझा हिशेब घ्यायला आलेली नाही. काही नसेलही. मी नऊदा तोंडावर आपटलेय. पण पाहायला पाहिजे. येतोस का, ते तू सांग. ओढून नेणार नाही."

तो येतो म्हणाला. तालुक्याच्या सरकारी केंद्रात त्याच दिवशी साधी तपासणी झाली. नाही. योगराजनं बाईंचे पायच धरले. पेढे आणतो म्हणाला.

"पेढे थांबव," बाई म्हणाल्या. "इतक्यात विचारलं की या तपासणीला कळतच नसतं. केंद्रातल्या बाईनंही तुला सहा आठवड्यांनी परत ये म्हटलंय ना? पण रविवार सहा आठवडे थांबणार आहे का?" मग त्याच्यासमोर, त्याला विचारून, नाव न सांगता त्यांनी दहावा फोन लावला. आवाज जरा पडलेलाच होता. "मॅडम, पुन्हा मीच बोलतेय, फैजपूरहून." तबस्सुम मॅडमनी ताप कधी आला, पुरळ कुठं आहे, गाठी आहेत का, सगळं नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "उद्या सकाळीच आणा प्रमिलाताई. वाट पाहते."

शुक्रवारी पहाटेची एसटी. भुसावळ, जळगाव आणि मग धुळ्याचा रस्ता, म्हणजे मधे एरंडोल आलंच. स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. योगराज खिडकीतून पाहत होता. मोनालीचं घर तिथून दोन गल्ल्या.

"अक्का, दोन मिनटं उतरू? नुसतं पोरीले पाहून येतो. रडू आलं भो."

बाईंना पाझर फुटणारच होता. त्यांनी त्याचा हात धरला. "उद्या-परवा पाहशील. ताठ मानेनं पाहशील. आज बस." आणि डब्यातली एक दशमी त्याच्या हातावर ठेवली. ती त्यानं धुळ्यापर्यंत तशीच धरून ठेवली होती.

धुळ्याला तबस्सुम मॅडमनी संशोधनासाठीचा मराठीतला संमतीचा कागद समोर ठेवला आणि सगळं समजावलं. योगराज प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "जे करायचं ते करा," आणि पेन उचललं. बाईंनी पेन काढून घेतलं.

"मॅडम, थांबा. याला काही कळलेलं नाही. आमच्याकडची माणसं मोठ्या डॉक्टरसमोर भिंतीलाही हो म्हणतात. योगराज, काय समजलं ते तुझ्या भाषेत मला सांग."

योगराज गडबडला. पहिल्यांदा म्हणाला, "सही केली तं गोळ्या भेटतीन." चूक. मॅडमनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी नीट आलं. "रक्त घेतीन. मधूनमधून यावं लागीन. कागदावर नाव नाही, नंबर राहीन. इतक्या लवकर सापडलेले लोक कमी, म्हनून ह्यायले शिकायचं हाये. मी नाही म्हटलं तरी गोळ्या भेटतीनच. मधीच सोडलं तरी कोनी रागावनार नाही."

"आता कर सही, करायची असेल तर," बाई म्हणाल्या. तेव्हापासून म्हणे तबस्सुम मॅडम प्रत्येक पेशंटला तीनदा सांगायला लावतात.

संध्याकाळी चारला निकाल आला. विषाणू होता, भरपूर होता. प्रमिलाबाईंचा फोन दहाव्या वेळी खरा ठरला होता आणि त्यांना आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. पण मॅडमनी पहिली गोळी तिथंच, त्याच दिवशी दिली. म्हणाल्या, रोज एक घ्यायची, चुकवायची नाही, रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली जातो, मग बायकोलाही धोका राहत नाही. "म्हातारा होशील," त्या म्हणाल्या. "आणि बायको-मुलगी तेव्हा माहेरी होत्या ना? देवानं बाळंतपणाची रीत चांगली घालून दिलीय."

रविवारी योगराज एरंडोलला गेला, पण आणायला नाही, सांगायला. त्यानंच विनवलं म्हणून बाई बरोबर गेल्या. घरात बोलणं शक्य नव्हतं. मग पद्मालयाला दर्शनाला जाऊ म्हणून सगळे निघाले. देवळाबाहेर तळ्याच्या काठी नवराबायको बसले आणि बाळ घेऊन प्रमिलाबाई लांब फेऱ्या मारत राहिल्या. पोरगी मोठी गोड, बाईंचं बोट मुठीत घट्ट धरून होती. बाईंची मात्र पाचावर धारण बसली होती.

पंधरा मिनिटांनी मोनाली उठून आली. डोळे लाल. बाळ बाईंच्या हातातून घेतलं, छातीशी धरलं.

"त्यानी माले बठ्ठं सांगेल शे," ती म्हणाली. "हिले काही व्हयनं का?"

"नाही पोरी. तू चार महिने इथं होतीस. तुलाही काही नसणार. पण खात्रीला तपासून घे."

मोनालीनं तपासून घेतलं. तिला काही नव्हतं, लेकरालाही नव्हतं. बाईंचा जीव भांड्यात पडला. पण ती योगराजबरोबर गेली नाही. बाळाला हवा सोसत नाही असं सासरी कळवलं आणि दिवाळीपर्यंत माहेरी राहिली. योगराज दर रविवारी एरंडोलला जायचा, ओट्यावर बसायचा, पोरीला खेळवायचा आणि परत यायचा. दोन महिने मोनालीनं त्याला चहासुद्धा दिला नाही. तिसऱ्या महिन्यात दिला. साखर नव्हती, पण दिला. हे योगराजनं दवाखान्यात येऊन सांगितलं तेव्हा बाई आणि हसीब दोघं पोट धरून हसले. दिवाळीनंतर, योगराजचा रिपोर्ट मोजता येणार नाही इतका खाली आल्यावर, डॉक्टर तबस्सुमशी स्वतः बोलून, सगळे प्रश्न विचारून मोनाली बामणोदला आली.

माघात पद्मालयालाच पोरीचं जावळ होतं. प्रमिलाबाईंना आमंत्रण होतं. योगराजच्या आत्या, मावश्या, चुलत्या, सगळ्यांना प्रश्न पडला, ह्या कोण? अशा पाहुण्यांत एरवी बाई तासभर बोलल्या असत्या. दहा फोनांची केवढी गोष्ट होती पोटात! "काही नाही हो," त्या म्हणाल्या, "एकदा पिशवी द्यायला आले होते. तेव्हापासून ओळख." मोनालीनं ताटात दुसरी बट्टी फोडून वर तुपाची धार धरली आणि धार काही थांबवेना.

निघताना लताबाई जवळ आली. हातात निळी पिशवी, धुतलेली, आत पापडांचं पुडकं.

"घ्या तुमची पिशवी," ती म्हणाली. "आमची नव्हती हे मी तवाच म्हटलं होतं."

बाईंनी पिशवी हातात घेतली.

"तुम्ही काहून आल्या होत्या ते मी पोराले विचारलं नाही, सुनेले विचारलं नाही, तुम्हालेही विचारत नाही. पन तुम्ही आल्या अन् आठ दिवस माह्या पोराले अन्न गोड लागलं नाही. मंग हळूहळू मानूस झाला. आता घरात नात रांगते, सून हासते. ते तुमच्या पोपटामुळंच हाये, एवढं मले समजतं." आणि वयानं मोठी असूनही तिनं खाली वाकून बाईंच्या पायांना हात लावला.

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. जळगाव येईपर्यंत पदर डोळ्यांवरून खाली आला नाही. शेजारच्या म्हातारीनं न राहवून विचारलं, "काय झालं वं बाई? काही हरवलं का?"

"नाही हो," प्रमिलाबाई म्हणाल्या. "माझी पिशवी सापडली."